घोट्याएवढा ओढा : एका पावसाळी ट्रेकचं प्रकरण

आधीच सांगून टाकतो, या प्रकरणात कोणी गेलं नाही. एकाला टाके पडले, एक फोन वाहून गेला, बाकी सगळे रात्री घरी पोचले. म्हणूनच हे लिहायला घेतलंय. कोणी गेलं की दोन दिवस बातम्या चालतात, मग घरचे दुःखात, लीडर पोलिसांच्या चकरांत, आणि नक्की कुठल्या वेळेला कोणी काय ठरवलं हे नीट सांगायला कोणीच उरत नाही. इथे लीडर, को-लीडर आणि आलेल्यांपैकी तिघे-चौघे नंतर ठाण्यात एकत्र बसून सविस्तर बोलले, फोटोंवरच्या वेळा काढून दाखवल्या, दोन-तीन मुद्द्यांवर भांडले पण. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे चारशे माणसं. कर्जत लाईनवर, बदलापूरच्या पुढे, डोंगराच्या पूर्वेच्या अंगाला, एवढं पुरे.

पार्श्वभूमी

ग्रुप छोटा. घोडबंदर रोडच्या दोन-तीन सोसायट्या आणि ऐरोली-घणसोलीकडची मंडळी, व्हॉट्सअ‍ॅपवर जमलेली. कंपनी वगैरे काही नाही, लीडर आणि को-लीडर दोघेही नोकरी सांभाळून हे करतात. जुलैमधला रविवार, १९ जण, माणशी ६५० रुपये, त्यात गावात पोहे-चहा, परत आल्यावर जेवण आणि स्टेशन ते गाव टेम्पो. १९ पैकी निम्मे पहिल्यांदाच पावसात डोंगरात येणारे. एक काका आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले, एक काकू साठीच्या आसपासच्या, शुगर असलेल्या पण चालायला एकदम टणक, आणि एकाच कंपनीतली चार पोरं, त्यातल्या एकाची त्याच रात्री ऐरोलीला नाईट शिफ्ट. ही शिफ्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

वाट अशी: गाव, मग भाताची खाचरं, पहिला ओढा ज्याच्यावर सिमेंटचा साकव (छोटा पूल) आहे, मग थोडी झाडी, दुसरा ओढा ज्याच्यावर काहीही नाही, आणि मग पाऊण-एक तास जंगलातून चढ की धबधबा. धबधब्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेलं कुंड. वरून पडणारं पाणी आणि त्यातले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरून असे खळगे पडतात. कडेला गुडघाभर आणि दोन पावलं पुढे थेट पुरुषभर असा त्यांचा प्रकार असतो, तळ दिसत नाही. लीडरला हे चांगलं माहीत होतं. त्यामुळे ग्रुपवर जी सूचनांची लांबलचक यादी आली ती सगळी कुंडाची. उडी मारायची नाही, धबधब्याच्या धारेखाली जायचं नाही (तिथे पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की चांगला पोहणारापण नीट तरंगत नाही), चार लाईफ जॅकेट आहेत ती आळीपाळीने, दारू आढळली तर तिथूनच परत.

सगळं बरोबर होतं. त्या यादीत ओढा हा शब्द मात्र एकदाही नव्हता. मी ती यादी स्वतः वाचलीय.

शनिवारचा निर्णय

पहिला निर्णय ठाण्यातच झाला, शनिवारी संध्याकाळी. शुक्रवारपर्यंत ठाणे आणि रायगड दोन्ही जिल्ह्यांना रविवारसाठी हवामान खात्याचा यलो अलर्ट होता, म्हणजे ऑरेंजच्या खालची पायरी. शनिवारी दुपारच्या अपडेटमध्ये रायगड ऑरेंज झाला, ठाणे यलोच राहिलं. जागा ठाणे जिल्ह्यात. मग लीडरने ग्रुपवर टाकलं की "आपल्याकडे यलोच आहे, प्लॅन ऑन". जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईहुकूम पण त्याने बघितले होते. पावसाळ्यात धबधब्यांवर जे बंदीचे आदेश निघतात, आधी १४४ कलमाखाली आणि १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्याच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १६३ कलमाखाली, त्यात कोंडेश्वरसारख्या नेहमीच्या गर्दीच्या जागा असतात, ही जागा त्या यादीत नव्हती. म्हणजे कागदावर सगळं ठीक.

गोची अशी की अलर्ट जिल्ह्याला लागतो, आणि त्या भागात मलंगगड, चंदेरी ते माथेरान ही जी डोंगररांग आहे तिच्या पलीकडे लगेच पनवेल, म्हणजे रायगड. आणि या बाजूला दोन-तीन स्टेशनं पुढे गेलं की नेरळ, ते पण रायगड. डोंगरमाथ्यावर ढग अडकला की तो कुठल्या कलेक्टरच्या हद्दीत आहे हे बघून बरसत नाही. ऑरेंजचा अर्थ तयार राहा, आणि जोरदार पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या हिशोबाने २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर. पण हे २४ तासांचं झालं. ओढ्याला २४ तासांशी काही देणंघेणं नाही, त्याला अर्धा तास पुरतो.

आणखी एक गोष्ट लीडरने नंतर स्वतःहून सांगितली, ती मला जास्त खरी वाटली. टेम्पोला अ‍ॅडव्हान्स गेला होता, गावातल्या मावशींनी वीस माणसांच्या जेवणाची तयारी केली होती, आणि ग्रुपचा नियम "नो रिफंड". कॅन्सल केलं असतं तर आलेल्या सगळ्यांशी पैशांवरून वाद. ठाणेपण ऑरेंज झालं असतं तर कॅन्सल केलं असतं असं तो म्हणतो आणि मला ते पटतं, पण यलो बघून त्याला सुटल्यासारखं वाटलं हे पण तितकंच खरं. नो रिफंड लोकांना बांधून ठेवायला करतात, इथे त्याने लीडरलाच बांधून ठेवलं होतं.

सकाळ ते कुंड

सकाळची कर्जत लोकल, टेम्पो, गावात पोहे. पावणेदहाला निघाले. दुसरा ओढा १०:२० ला ओलांडला, ही वेळ नक्की माहीत आहे कारण तिथे चौघांनी रील काढलं. पाणी घोट्याएवढं, स्वच्छ, खालचे गोटे दिसतायत, पात्र पाच-सहा मीटर रुंद, मध्ये एक बैठा काळा दगड, त्यावर एक जण पाय सोडून बसलेला. कोणी थांबलं नाही, कोणी काही बोललं नाही. को-लीडर सगळ्यात मागे होता, त्याने फक्त एवढं बघितलं की काकूंचा पाय घसरत नाहीये ना.

कुंडावर सव्वाअकराला. तिथे मात्र शिस्त एक नंबर होती. खोल भागाच्या अलीकडे दोन झाडांना दोर बांधून हद्द आखली, एका वेळी सहा जण पाण्यात, लीडर स्वतः काठावर उभा. कंपनीवाल्या पोरांपैकी दोघांना बाजूच्या कातळावरून उडी मारायची होती, को-लीडरने सरळ नाही सांगितलं, थोडी कुरबुर झाली.

बारा-सव्वाबाराच्या सुमाराला वरचा माथा धुक्यात गेला. खाली पाऊस रिपरिपच. १२:३५ ला को-लीडरने बघितलं की धारेचं पाणी तांबूस व्हायला लागलंय आणि कुंडात पानं, काटक्या येतायत. त्याने शिट्टी मारली आणि दोन मिनिटांत सगळे पाण्याबाहेर, कोणी हुज्जत घातली नाही. दहा मिनिटांत धबधबा दुप्पट जाड झाला आणि सकाळी जिथे चपला काढून ठेवल्या होत्या तिथून पाणी वाहायला लागलं. या प्रसंगात त्या ग्रुपला मी पूर्ण मार्क देईन. रंग बदलणं, पाला येणं, आवाज बदलणं, या खुणा पुस्तकात सगळ्यांनी वाचलेल्या असतात, पण अंगावर पाणी घेत असताना वर बघत राहणारा एक माणूस नेमलेला असावा लागतो, तो त्यांच्याकडे होता.

मोजदाद करून १२:५० ला निघाले. सगळे खुशीत, वाचलो बुवा म्हणून.

अडचण

दीडला दुसऱ्या ओढ्याशी आले आणि ओढा नव्हताच, नदी होती. पाच-सहा मीटरचं पात्र आता दहा-बारा मीटर, पाणी गढूळ, काळा दगड गायब, आणि तळातून गोटे एकमेकांवर आपटत जातायत त्याचा घुमणारा आवाज. पलीकडे झाडीच्या वर गावातल्या घरांची कौलं दिसत होती, वीस-पंचवीस मिनिटांची वाट.

इथे थोडं गणित करतो. डोंगरावरचा एक चौरस किलोमीटरचा पाणलोट धरा, छोटाच आहे. त्यावर अर्ध्या तासात फक्त १० मिमी पाऊस पडला तर ते १ कोटी लिटर पाणी होतं. घोडबंदर रोडवाल्यांना टँकरच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे एक हजार टँकर, आणि जुलैत माती आधीच तुडुंब, खाली बेसॉल्टचा कातळ, मुरायला जागा नाही, म्हणजे त्यातला मोठा हिस्सा लगेच एका चिंचोळ्या ओढ्यातून खाली. तुमच्या अंगावर रिपरिप पडतेय की मुसळधार याचा त्याच्याशी संबंध नाही, कारण तुम्ही खाली आहात.

आणि मांडीएवढं पाणी म्हणजे काय हे पण लोकांच्या डोक्यात नीट बसत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. स्विमिंग पूलमध्ये मांडीपर्यंत पाण्यात आपण गप्पा मारत उभे राहतो, वाहत्या ओढ्यात तेवढ्याच पाण्यात पाय उचलला की तो आपला राहत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले, ते कोणी खोल पाण्यात पोहत नव्हते, पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये खारघरला पांडवकड्याच्या पाण्यात कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. नवी मुंबईतल्या माणसाला हे आठवतं, पण आठवतं ते "धबधब्यावर अपघात" असं. धबधबा लक्षात राहतो, ओढा राहत नाही.

समोर काय पर्याय होते

पहिला, दोर लावून लगेच ओलांडायचं. चार कंपनीवाले आणि अजून दोघे-तिघे याच मताचे. "दादा, पाणी मांडीपर्यंतच आहे, साखळी करून जाऊ, अजून वाढलं तर अडकू." यातलं "अजून वाढलं तर" हे अगदीच चुकीचं नव्हतं, पाऊस थांबलेला नव्हता. पण त्यांच्याकडे वीस मीटरचा एक दोर, एक कॅराबिनर (दोर अडकवायची कडी), हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, शून्य. कंबरेला दोर बांधून माणूस वाहत्या पाण्यात पडला तर दोर ताणला जातो आणि पाणी त्याला दाबून खाली धरतं, दोर सोडता पण येत नाही. को-लीडरने एका कोर्समध्ये हे शिकलेलं होतं आणि तो यावर अडून बसला. साखळीचा प्रश्न वेगळा: एकाचा पाय गेला की तो दोघांना घेऊन जातो, आणि १९ मध्ये काकू आणि चौदा वर्षांचा मुलगा.

दुसरा पर्याय, खालच्या अंगाला जायचं, जिथे ओढा खाचरांच्या आधी पसरतो. पात्र रुंद पण पाणी कमी खोल. कागदावर चांगला. पण त्या पसरट भागात तळ कसा आहे कोणालाच माहीत नव्हतं आणि त्याच्या पुढे लगेच करवंदी-निवडुंगाची गचपण, वाहून गेलं तर अडकायचं त्यातच.

तिसरा, मागे फिरून डोंगराच्या सोंडेवरून वरच्या पाड्यावर जायचं. वाट आहे हे ऐकून माहीत, पाहिलेली नाही, दीड-दोन तास, धुकं.

चौथा, थांबायचं. जो सगळ्यांना सर्वात नकोसा वाटत होता, कारण थांबणं म्हणजे काहीच न करणं असं वाटतं.

या सगळ्याच्या मागे घड्याळ होतं. शिफ्टवाला दर पाच मिनिटांनी वेळ सांगत होता. काकूंचं जेवण टळत होतं. ओल्या अंगाला वारा लागून मुलगा कुडकुडायला लागला होता, जुलैत ठाण्यात घामाने जीव जातो म्हणून लोकांना वाटतं थंडी कसली, पण भिजलेलं अंग आणि वारा असला की तासाभरात दात वाजतात. मला नंतर जाणवलं की पहिल्या अर्ध्या तासात पाण्याबद्दल जेवढी चर्चा झाली त्याच्यापेक्षा जास्त ट्रेनबद्दल झाली.

प्रत्यक्षात काय केलं

लीडर सव्वीस-सत्तावीसचा. त्याच्यावर दबाव होता आणि तो डगमगत होता हे त्याने कबूल केलं. कोंडी फुटली ती मुलाला घेऊन आलेल्या काकांमुळे. ते एवढंच म्हणाले, "सकाळचा फोटो काढा रे कोणीतरी." रीलमध्ये तो काळा दगड आणि त्याच्यावर बसलेला पोरगा. आता तिथे बघितलं तर दगडाच्या जागी नुसता पाण्याचा उंचवटा. म्हणजे पाणी किती चढलंय हे वादाचं राहिलंच नाही. मग लीडरने काठावर पाण्याच्या रेषेला एक काठी रोवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं: काळ्या दगडाचं डोकं दिसेपर्यंत कोणी पाण्यात पाय घालणार नाही, दर पंधरा मिनिटांनी काठी बघायची, साडेपाचपर्यंत दगड दिसला नाही तर पाड्याकडे निघायचं, कारण अंधाराच्या आत तिथे पोचायला हवं.

मला विचाराल तर अख्ख्या दिवसातला सर्वात चांगला निर्णय हाच. थांबायला एक अट मिळाली, आणि अट पाण्याची होती, कोणाच्या मताची नव्हती. त्यानंतर "आता जाऊया का" हा प्रश्न लीडरला विचारण्यात अर्थ उरला नाही, काठीलाच विचारायचा.

मग बाकीची कामं भराभर झाली. काठापासून चांगलं तीस-चाळीस पावलं वर, उंचावर जागा बघितली, एकट्या उंच झाडाखाली नाही. दोन ग्राउंडशीट दोरावर टाकून छप्पर. प्लास्टिकच्या पिशवीत ज्यांचे कोरडे कपडे होते त्यांनी बदलले, नव्हते त्यांना इतरांनी दिले. खाण्याचं सगळं एका जागी काढलं: चिक्की, बिस्किटं, कोणाच्या तरी आईने दिलेले मेथीचे ठेपले, काकूंना आधी.

एका खडकावर उभं राहिलं की नेटवर्कची एक काडी यायची. तिथून मावशींना फोन लागला. त्यांचा पुतण्या इरलं डोक्यावर घेऊन पलीकडच्या काठावर आला, पण आवाजात काही ऐकू येईना म्हणून समोरासमोर उभे राहून फोनवर बोलले, हे दृश्य आता सगळे हसत सांगतात. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. वरचा पाऊस थांबला की दोन-अडीच तासांत ओढा उतरतो. आणि खालच्या पसरट जागेवरून अजिबात येऊ नका, तिथे चिखल आहे, गुडघ्यापर्यंत पाय रुततो.

दुसरी गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचली नाही. तीनच्या सुमाराला चार कंपनीवाल्यांपैकी दोघे, शिफ्टवाला आणि त्याचा मित्र, लघवीला जातो म्हणून उठले आणि थेट खालच्या अंगाला जाऊन पाण्यात उतरले. शिफ्टवाला पोचला. मित्राचा पाय चिखलात रुतला, तो काढताना तोल गेला आणि पंधरा-वीस मीटर वाहत जाऊन झुडपात अडकला. फोन गेला, एक बूट गेला, गुडघ्याखाली खोल कापलं. पुतण्या पलीकडेच होता म्हणून त्याला हाताला धरून काढता आलं. तो तिथे नसता तर काय, याचा विचार बैठकीत कोणी मोठ्याने बोलून दाखवला नाही.

अलीकडे राहिलेल्या सतरा जणांना हे दहा मिनिटांनी कळलं, मोजदादीत दोन कमी आले तेव्हा. ती दहा मिनिटं लीडरच्या आयुष्यातली सर्वात वाईट, असं तो म्हणाला.

साडेतीनला पाऊस थांबला. पावणेपाचला पाणी काठीच्या दोन वीत खाली. ५:२५ ला काळ्या दगडाचं डोकं दिसलं, साडेपाचच्या मर्यादेला पाच मिनिटं राहिली असताना. तरी त्यांनी अजून वीस मिनिटं घालवली, पाणी उतरतंच आहे याची खात्री करायला, आणि मग तिघा-तिघांच्या गटाने, बूट घालूनच, सॅकचे कंबरेचे पट्टे सोडून, तोंड पाणी येतं त्या दिशेला, एका वेळी एकच पाऊल असं ओलांडलं. खालच्या बाजूला को-लीडर आणि पुतण्या उभे. पाणी गुडघ्याच्या खाली. सव्वासहाला शेवटचा माणूस पलीकडे.

निकाल

गावात जेवण, टेम्पो, स्टेशन. लोकल उशिराने का होईना चालू होत्या, हे नशीब. त्याच पट्ट्यात २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं. ओढे ज्या उल्हास नदीला मिळतात तीच नदी रुळांच्या शेजारून जाते, तेव्हा ओढा चढला असेल तर ट्रेनचा भरवसा पण तितकाच धरायचा.

शिफ्टवाल्याच्या जखमी मित्राला बदलापूरला टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. गढूळ पाण्यात उघडी जखम होती म्हणून लेप्टोसाठी गोळ्यापण डॉक्टरांनी दिल्या. शिफ्टवाला साडेसातला ऐरोलीला पोचला आणि तिथून ग्रुपवर मोठा मेसेज टाकला, की लीडरला निर्णय घेता येत नाही, सगळ्यांना चार तास बसवून ठेवलं, पैसे परत द्या. त्याखाली काकूंनी लिहिलं, "बाळा, बसवून ठेवलं म्हणून मी हे टाईप करते आहे." त्यानंतर तिथे शांतता.

काय वेगळं करता आलं असतं

बैठकीत बहुतेकांचं म्हणणं होतं की कुंडावरून लवकर निघायला हवं होतं, माथा धुक्यात गेला तेव्हाच. मला हे अर्धंच पटतं. जुलैत तिथला माथा दिवसातला बहुतेक वेळ धुक्यातच असतो, तो नियम केला तर ट्रेकच करायला नको. आणि सव्वाबाराला निघाले असते तर ओढ्यावर एकच्या आत पोचले असते, बहुधा लोंढ्याच्या थोडे आधी किंवा नेमके मधोमध असताना. दुसरं जास्त भीतीदायक आहे.

माझ्या मते खरा निर्णय १०:२० चा होता, जो कोणी घेतलाच नाही. साकव नसलेला ओढा ओलांडताना तिथेच थांबून दोन मिनिटं बोलायला हवं होतं: हा चढला तर आपण कुठल्या बाजूला अडकणार, किती वेळ थांबायची तयारी आहे, दुसरी वाट कोणती, आणि खूण कोणती धरायची. काळा दगड सकाळीही तिथेच होता. तेव्हाच ठरलं असतं की दगड बुडाला तर थांबायचं, तर दीड वाजता वादाला जागाच नव्हती. आणि तेव्हाच विचारलं असतं की आज रात्री कोणाला कुठे पोचायचंय, तर शिफ्टवाल्याला एकतर गावातच थांब म्हणता आलं असतं किंवा त्याने सकाळीच ऑफिसला कळवून ठेवलं असतं. ट्रेन चुकणं हे संकट वाटायला लागलं की माणूस पाण्याकडे बघून पाणी बघत नाही.

अलर्ट बघताना शेजारचा जिल्हापण बघायचा, डोंगर हद्दीवर असेल तर वरचा रंग धरायचा. सकाळी निघताना पावसाचं रडार बघायचं, मुंबईला कुलाबा आणि वेरावलीला आहेत, चित्र हवामान खात्याच्या साईटवर फुकट दिसतं. तीन तासांचे इशारे येतात ते वाचायचे, पण जंगलात नेटवर्क नसताना ते वाचणार कोण? म्हणून गावात एक माणूस. पुतण्या योगायोगाने आला. त्यालाच सकाळी पाचशे रुपये देऊन ओढ्यावर लक्ष ठेवायला आणि फोन करायला सांगितलं असतं तर, माणशी तीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. चौथ्या लाईफ जॅकेटच्या भाड्यापेक्षा हे कामाचं होतं.

दोघे निसटले त्याबद्दल लीडरला दोष देणारे काही जण होते. मोठ्या माणसाला बांधून ठेवता येत नाही हे खरं, पण पुतण्याने चिखलाचं सांगितलं ते फक्त लीडर आणि को-लीडरला माहीत होतं. पसरट जागा दिसायला सोपी होती आणि ती का नको हे कोणी सांगितलं नाही, तर ज्याला घाई आहे तो तिकडे जाणारच. "थांबा" एवढंच सांगून भागत नाही, नकार कशासाठी आहे तेपण सगळ्यांसमोर, ज्याला घाई आहे त्याच्याकडे बघून सांगायला लागतं.

नो रिफंड आता त्यांनी काढून टाकलंय. ऑरेंज लागला की टेम्पोचे वाटून घ्यायचे, मावशींना अर्धे द्यायचे, बाकी परत.

एका मुद्द्यावर मात्र लीडर आणि को-लीडरचं अजून जमलेलं नाही. को-लीडरला दीड वाजताच ११२ ला फोन करायचा होता. लीडर म्हणाला, आपण सुरक्षित बाजूला आहोत, कोणाला काही झालेलं नाही, उगाच अग्निशमनवाले धावत येतील, दुसरीकडे कोणाला खरी गरज असेल. शेवटी चारनंतर मावशींमार्फत पोलीस पाटलांना कळवलं, ते पण दोघे निसटल्यावर. मी को-लीडरच्या बाजूने आहे, थोड्या फरकाने. सुटका मागायला नाही, नुसतं कळवायला: १९ माणसं, अमुक ओढ्याच्या पलीकडे, सगळे ठीक, थांबलोय, साडेपाचला परत सांगतो. पोलीस पाटील असोत की जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, असा फोन त्यांनाही बरा पडतो, कारण अंधार पडल्यावर येणाऱ्या फोनमध्ये माणसं कुठे आहेत हेच धड सांगता येत नाही. लीडरचं म्हणणं की असा फोन केला असता तर घरच्यांपर्यंत बातमी जाऊन हलकल्लोळ झाला असता, आणि पुढच्या रविवारपासून ती जागापण मनाईच्या यादीत गेली असती. यातलं दुसरं कारण त्याने जरा हळू आवाजात सांगितलं.